तत्त्वज्ञान विभागातली व्याख्यानं, वाचनगट आणि चर्चासत्रं: नव्याने येणाऱ्यांसाठी

विभागाच्या फलकावर किंवा विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना येते: अमुक वारी, दुपारी तीन वाजता, अतिथी व्याख्यान. एम.ए.च्या पहिल्या सत्रातली बरीच मुलं ती वाचून सोडून देतात, कारण विषय अभ्यासक्रमात नसतो किंवा वक्त्याचं नाव ओळखीचं नसतं. यात मोठं नुकसान आहे. वर्गात सिद्धान्त कळतात, पण सिद्धान्त मांडणाऱ्याला कुणी मुद्द्यावर अडवलं की तो काय करतो, हे अशा कार्यक्रमांतच बघायला मिळतं. पुणे असो, मुंबई विद्यापीठाचं कालिना असो की गोवा विद्यापीठाचं ताळगाव पठार, विभागीय व्याख्यानांना सहसा शुल्क नसतं आणि दुसऱ्या विषयाचा विद्यार्थी आला तरी त्याला कुणी उठवत नाही. बाहेरून येणार असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा, फाटकावर मागू शकतात.

अतिथी व्याख्यान तासा-सव्वा तासाचं असतं: चाळीस-पंचेचाळीस मिनिटं मांडणी, मग प्रश्न. चर्चासत्र एक ते तीन दिवसांचं, नोंदणी करून जायचं. वाचनगट आठवड्यातून एकदा भरतो, त्याबद्दल पुढे सविस्तर. आणि एक प्रकार नवख्यांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे पीएच.डी.ची मौखिक परीक्षा. यूजीसीच्या नियमांनुसार ती खुली असते. विभागाचे शिक्षक आणि संशोधक विद्यार्थी बसतातच. विभागप्रमुखांना आधी विचारून मागच्या रांगेत बसा. बहिःस्थ परीक्षक 'तुमचं स्वतःचं म्हणणं एका वाक्यात सांगा' असं म्हणतो आणि तीनशे पानं लिहिलेला माणूस क्षणभर थांबतो. प्रबंध कसा लिहावा हे त्या तासाभरात जितकं समजतं तितकं संशोधनपद्धतीच्या अख्ख्या पेपरात समजत नाही.

व्याख्यानाला जाण्याआधी दीड-दोन तासांची तयारी पुरते. सूचनेसोबत सारांश आला असेल तर तो दोनदा वाचा आणि त्यातला दावा स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहा. सारांश नसेल तर शीर्षकातल्या मुख्य संज्ञेवरची स्टॅनफर्ड एनसायक्लोपीडिया या तत्त्वज्ञानाच्या ऑनलाइन कोशातली नोंद उघडा. ती मोफत आहे, पण फार लांब असते. पहिला आणि दुसरा विभाग वाचून थांबा. मराठी प्रतिशब्द अडला तर भाषा संचालनालयाचा 'तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र परिभाषा कोश' बघा. वक्त्याची सगळी पुस्तकं चाळत बसू नका. त्याने दिवस जातो आणि व्याख्यानात नेमकं काय ऐकायचं ते ठरत नाही.

समजा, विषय आहे 'ज्ञान आणि योगायोग'. एडमंड गेटियर या अमेरिकी तत्त्वज्ञाचा १९६३चा निबंध जेमतेम तीन पानांचा आहे, तेवढा मुळातून वाचून जा. एखादी समजूत खरी असेल आणि तिला पुरेसं समर्थन असेल तर तिला ज्ञान म्हणावं, या व्याख्येला त्याने दोन उदाहरणांनी सुरुंग लावला. आता वक्ता म्हणतो की समर्थनाची अट काढा आणि त्या जागी 'समजूत भरवशाच्या मार्गाने आलेली हवी' अशी अट घाला. इथे हात वर करून 'सर, भारतीय तत्त्वज्ञानात हे आधीच सांगितलेलं नाही का?' असं विचारलं, तर वक्ता सौजन्याने 'हो, नक्कीच' म्हणेल आणि विषय तिथेच संपेल. या प्रश्नातून कुणालाच काही मिळत नाही. त्याऐवजी असं विचारून बघा:

'आपण म्हणालात की समजूत खरी हवी आणि भरवशाच्या मार्गाने आलेली हवी. श्रीहर्षाच्या उदाहरणातल्यासारखं कुणी बंद मुठीत पाच कवड्या आहेत असा नुसता अंदाज केला आणि त्या पाचच निघाल्या, तर आपल्या अटीने ते ज्ञान ठरत नाही, हे पटतं. पण कुणी डोंगरावरच्या धुक्याला धूर समजून आगीचं अनुमान केलं आणि तिथे खरोखरच आग असली, तर? अनुमान हा मार्ग एरवी भरवशाचा आहे, धुक्यावरून केलेलं अनुमान नाही. आपल्या अटीत मार्ग म्हणून यातलं कोणतं मोजायचं?'

या प्रश्नाची बांधणी नीट बघा. आधी वक्त्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगितलं, मग त्यातलं कुठवर पटतं ते सांगितलं, मग एकच अडचण दाखवली आणि शेवट खऱ्याखुऱ्या प्रश्नचिन्हाने केला. बोलायला मिनिटभर पुरतं. श्रीहर्ष हा बाराव्या शतकातला अद्वैत वेदान्ती, पण त्याचं नाव इथे मिरवायला आलेलं नाही. त्याचं उदाहरण प्रश्नात काम करतं म्हणून आलं.

तर्क आणि वाद यांचा विचार करणाऱ्या भारतीय न्यायपरंपरेने ही शिस्त फार बारकाईने नोंदली आहे. तिच्या मूळ ग्रंथाच्या, म्हणजे न्यायसूत्रांच्या, पाचव्या अध्यायात वादात हरण्याच्या बावीस जागा, म्हणजे निग्रहस्थानं, मोजली आहेत. प्रतिपक्षाने तीनदा सांगितलेलं, सभेला कळलेलं म्हणणं ज्याला पुन्हा मांडता येत नाही, तो 'अननुभाषणा'त सापडला. विषय सोडून भलतीकडे गेला तर 'अर्थान्तर'. आजच्या प्रश्नोत्तरांत जे बिघडतं ते बहुतेक या दोन जागांवरच बिघडतं. अर्थान्तराचा नमुना दर व्याख्यानाला एकदा तरी दिसतो: कुणीतरी उठून पाच मिनिटं स्वतःचं भाषण करतं, अध्यक्ष 'आपला प्रश्न काय?' असं विचारतात आणि इतरांचा वेळ गेलेला असतो. नवख्या विद्यार्थ्याला हा धोका कमी. त्याचा प्रश्न बहुधा पोटातच राहतो. म्हणून प्रश्न शब्दशः वहीत लिहा आणि वाचून विचारा. वाचून विचारण्यात काहीही कमीपणा नाही. समोर इंग्रजी व्याख्यान चालू असेल आणि इंग्रजीत वाक्य जमत नसेल तर मराठीत विचारू का, असं अध्यक्षांना विचारा. आपल्याकडच्या विभागांत बहुतेकदा कुणीतरी भाषांतर करून देतं.

टिपणांसाठी पान उभं दुभागा. डावीकडे वक्त्याची पायरी, उजवीकडे तुमची शंका. प्रत्येक वाक्य टिपू नका. 'म्हणून', 'पण', 'असं गृहीत धरू' हे शब्द आले की पेन चालवा, कारण युक्तिवाद तिथे वळतो. विसाव्या मिनिटाला धागा सुटला तर सोडून द्या. वक्ता शेवटी मुद्दे पुन्हा मांडतो, तेव्हा डावी बाजू भरून काढता येते.

वाचनगट हा आमच्या मते सगळ्यात मोलाचा प्रकार. दीड-दोन तासांत एखादं-दुसरं पान होतं, कधी एकाच परिच्छेदावर बैठक संपते आणि त्यात काही वावगं नाही. गोंधळ होतो तो आवृत्त्यांमुळे. प्रत्येकाच्या हातात वेगळं भाषांतर असतं, आणि 'पान ९२ बघा' म्हटलं की निम्मे लोक भलतीकडेच. म्हणून पान सांगू नका. कांटच्या पहिल्या चिकित्सेत, म्हणजे 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन'मध्ये, समासात ए आणि बी असे आकडे असतात. ए म्हणजे १७८१ची आवृत्ती, बी म्हणजे १७८७ची. 'बी १३१' म्हटलं की कोणत्याही भाषांतरात तीच जागा सापडते. प्लेटोसाठी स्टेफानसचे आकडे आणि अ‍ॅरिस्टॉटलसाठी बेकरचे आकडे (दोन्ही त्या-त्या संपादकाच्या जुन्या आवृत्तीतले पानांचे आकडे) असेच समासात दिलेले असतात. विटगेन्स्टाइनच्या बाबतीत परिच्छेद-क्रमांक सांगायचा. न्यायसूत्रांसाठी अध्याय, आह्निक (अध्यायाचा भाग), सूत्र हा क्रम: १.१.४ म्हणजे प्रत्यक्षाचं लक्षण. समासात हे आकडे नसलेली स्वस्त आवृत्ती घेऊ नका, ती गटात निरुपयोगी ठरते. संस्कृत येत नसेल तर शंकराचार्यांच्या अध्यासभाष्यापासून, म्हणजे त्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रस्तावनेपासून, सुरुवात करणारा गट शोधा. ते चार-पाच पानांचं आहे, पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं, कुठे संपतो आणि उत्तर कुठे सुरू होतं हे ओळखायचा चांगला सराव होतो.

चर्चासत्रात स्वतःचा निबंध वाचायची वेळ साधारण दुसऱ्या वर्षी येते. सारांश अडीचशे-तीनशे शब्दांचा मागतात. त्यात विषयाची थोरवी सांगू नका. प्रश्न, तुमचं उत्तर आणि त्यामागचं मुख्य कारण एवढंच लिहा. वाचनाला पंधरा ते वीस मिनिटं मिळतात, आणि सत्र उशिरा सुरू झालं तर त्यातली पाच कापली जातात. मिनिटाला शंभर ते एकशे दहा मराठी शब्द ऐकणाऱ्याला समजतील असे वाचता येतात, म्हणजे वीस मिनिटांना दोन हजार शब्द ही कमाल मर्यादा. सोळाशेच ठेवा. वेळ आलीच तर गाळता येतील असे दोन परिच्छेद घरूनच कंस करून आणा, नाहीतर 'दोन मिनिटं' अशी चिठ्ठी आली की लोक निष्कर्ष गाळतात आणि प्रस्तावना पूर्ण वाचलेली असते. युक्तिवादाच्या पायऱ्या क्रमांक देऊन एका पानावर छापा आणि वीस-पंचवीस प्रती वाटा. ऐकणारा 'तिसरी पायरी पटली नाही' असं म्हणू शकला की चर्चा लगेच नेमकी होते.

वर्षाचं गणितही ध्यानात ठेवा. नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हा युनेस्कोचा जागतिक तत्त्वज्ञान दिन. त्याच्या आगेमागे बऱ्याच विभागांत व्याख्यान किंवा विद्यार्थ्यांचे निबंधवाचन असते, आणि पहिल्यांदा बोलण्यासाठी हाच मंच सर्वांत सोपा. अनुदानं आर्थिक वर्ष संपण्याआधी खर्च करायची असल्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये चर्चासत्रांची गर्दी होते. त्यांचे सारांश डिसेंबर-जानेवारीत मागवले जातात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत एक मसुदा हाताशी असू द्या. राहण्याची सोय आहे का आणि प्रवासखर्च मिळतो का, हे नोंदणीशुल्क भरण्याआधी लेखी विचारा. प्रमाणपत्र समारोपानंतर देतात, त्यामुळे परतीची गाडी संध्याकाळी सहानंतरची घ्या.