कंपनीशी वाद झालाय? कोर्टाच्या आधी या चुका टाळा

जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात पंधरा वर्षं काढलीत, त्यामुळे आता कुणाचं शेठशी वाजलं की फोन मलाच येतो, आणि फोन येईपर्यंत गड्याने घोळ घालून ठेवलेला असतो भो.

पहिला घोळ रागातला राजीनामा. सुपरवायझर काहीतरी बोलला, याने व्हॉट्सअ‍ॅपवर "उद्यापासून येत नाही" टाकलं. झालं. आता कंपनी म्हणते आम्ही काढलंच नाही, तो स्वतःच गेला.

दुसरा घोळ सहीचा. माझ्या मामेभावाचंच सांगतो. 12 वर्षं नोकरी, शेवटचा बेसिक-डीए, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून, महिन्याला 15,600. ऑफिसात बोलावलं, चहा पाजला, 70,000 चा चेक दाखवला आणि "माझे काहीही येणे बाकी नाही" असा टाइप केलेला कागद पुढे सरकवला. पेन हातात घेतलेला, पण काय सुचलं कोण जाणे, लघवीला जातो सांगून बाहेर आला आणि मला फोन लावला. म्हटलं आबा, थांब, आधी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना वर्षांच्या हिशोबाने मिळणारे पैसे, मांड. पगाराला 26 ने भाग, 15 ने गुण, मग वर्षांनी गुण. 1,08,000! रजेचे पैसे अजून वेगळेच. आत जाऊन आकडा कागदावर मांडून दाखवला, आवाज चढवला नाही, आठ दिवसांत पूर्ण रक्कम खात्यात. नाहीतर भाव न ठरवताच केळीची गाडी भरून दिल्यासारखं झालं असतं.

ओव्हरटाइमला दुप्पट दर असतो हे सगळ्यांना पाठ आहे, पण किती तास केले विचारलं की "लय केले". रोज वहीत तारीख-तास लिहा ना.

20 किंवा जास्त कामगार असले तर तक्रार निवारण समिती असायला पाहिजे, तिथं लेखी अर्ज द्या आणि झेरॉक्सवर पोच घ्याच. तिथं नाही जमलं तर सहायक कामगार आयुक्तांचं ऑफिस. ते कोर्ट नाही, दोघांना समोरासमोर बसवून समेट करतात, पण लोकं तारखेलाच दांडी मारतात, का तर शेतात पाणी द्यायचं होतं.

आणि युनियनवाल्यांनो, बाहेरच्या बाहेर केलेला करार फक्त सही करणाऱ्यांनाच लागू होतो, समेट अधिकाऱ्यासमोर झालेला मात्र कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना, त्या दिवशी टपरीवर बसलेल्यांनाही.