एकच तारीख, चार नावं : सरकारी स्मृतिदिन कसा वाचावा

सरकार लोकांच्या आठवणी कशा घडवतं हे तपासायला १७ सप्टेंबरइतकी सोयीची तारीख नाही. १९४८ साली याच दिवशी भारतीय सैन्यापुढे निजामाने हार पत्करली आणि हैदराबाद संस्थानाचा प्रश्न मिटला. आज एकाच घटनेचे चार सोहळे होतात.

वहीत चार रकाने आखा: सरकार, वर्ष, दिनाचं नाव, कर्ता कोण. महाराष्ट्र म्हणतो ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’. कर्नाटकात कल्याण कर्नाटकाचा उत्सव असतो. २०१९ पर्यंत त्या भागाचं नावच हैदराबाद-कर्नाटक होतं. केंद्र ‘हैदराबाद मुक्ती दिन’ पाळतं. तेलंगणात २०२३ साली ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ होता, डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदललं आणि २०२४ साली तो ‘प्रजा पालना दिन’ झाला.

चौथा रकाना भरताना घाई करू नका, सगळी मेख तिथेच आहे. ‘मुक्तिसंग्राम’ म्हटलं की लढणारी माणसं डोळ्यांपुढे येतात: लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, सत्याग्रही, संस्थानाच्या सरहद्दीवरचे लढवय्यांचे कॅम्प. नुसतं ‘मुक्ती’ म्हटलं की मुक्त करणारा बाहेरून येतो, म्हणजे सैन्य आणि दिल्ली. ‘एकात्मता’मध्ये शत्रूच उरत नाही. म्हणून बातमीवर विसंबू नका. मूळ शासन निर्णय आणि निमंत्रणपत्रिका मिळवा, कारण बातमीदार सवयीचं जुनं नाव लिहून मोकळा होतो. एका वर्षावरून निष्कर्षही काढू नका. निदान एक सत्तांतर मधे येऊ द्या.

मग भाषणं घ्या आणि कोणाची नावं येतात, किती वेळा येतात ते मोजा. विकासाच्या घोषणा वेगळ्या काढा. २०२३ साली अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने मंत्रिमंडळाची बैठकच छत्रपती संभाजीनगरला झाली. अशा वर्षी स्मरण कुठे संपतं आणि अनुशेषाचं राजकारण कुठे सुरू होतं, ही रेघ काळजीपूर्वक मारावी लागते. नकाशाही तपासा. १९४८ साली मराठवाड्यात पाच जिल्हे होते. आजचे आठ तेव्हाचे समजलात तर आकडे चुकतात.

काय गाळलं जातं हे शोधणं सर्वांत अवघड. रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचे, अत्याचार भाषणात येतात, आणि यायलाच हवेत. पण सैन्याच्या कारवाईनंतर मुसलमानांची जी कत्तल झाली तिचा उल्लेख विरळा. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही.

शेवटी गावातल्या जुन्या माणसांशी बोला. सैन्याच्या त्या कारवाईला ते ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतील. वहीत तोच शब्द उतरवा, त्याचं ‘मुक्तिसंग्राम’ करू नका.