खुर्ची, टेप आणि स्टॉपवॉच: घरच्या ज्येष्ठांची ताकद घरीच कशी तपासाल

"तब्येत कशी आहे?" विचारलं की "बरं आहे" एवढंच उत्तर येतं. साखर, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल असूनही माणूस पायांतून खचलेला असू शकतो, आणि ते रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. त्यामुळे विचारत बसू नका, करून दाखवायला सांगा.

आधी खुर्ची निवडा. प्लॅस्टिकची नको: उठताना तिचे पाय फाकतात, ती मागे सरकते. सोफा इतका मऊ आणि खोल असतो की त्यातून धडधाकट माणूसही सावकाश उठतो. टणक बैठकीची, हातांची खुर्ची घ्या, बैठक जमिनीपासून साधारण ४६ सें.मी. उंच हवी. तिथून ३ मीटर मोजून फरशीवर चिकटपट्टी लावा. ही 'टाइम्ड अप अँड गो' चाचणी. पाठ टेकून बसवा. "चला" म्हटलं की उठायचं, नेहमीच्या चालीनं पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. रोजची चप्पल आणि काठी चालेल, दुसऱ्याचा आधार नको. एकदा सराव करून घ्या, मग वेळ लावा. घड्याळ "चला" म्हणताच सुरू आणि पुन्हा नीट बसल्यावरच बंद. खुर्चीजवळ पोचताच ते बंद करणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक आजोबांची: परीक्षा आहे म्हटल्यावर ते पळत सुटतात. तेव्हा "बाजारात जाताना चालता तसं" असं सांगा.

१२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरावा. पण माझं लक्ष आकड्याहून वळण्यावर जास्त असतं. दोन-तीन पावलांत वळणारा माणूस आणि जागच्या जागी सात-आठ बारीक पावलं टाकत वळणारा माणूस, दोघांचा वेळ सारखा आला तरी दुसऱ्याची काळजी करायला हवी. भिंत किंवा टेबल चाचपत जाणंही नोंदवा.

पायांच्या ताकदीसाठी ३० सेकंदांची उठबस. बिनहाताची, साधारण ४३ सें.मी. उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी घालून पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं. हाताचा आधार लागला तर मोजणी शून्य. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात पुरुषांच्या १२ पेक्षा आणि बायकांच्या १० पेक्षा कमी झाल्या तर ते सरासरीहून कमी. गुडघेदुखीमुळे थांबले की दमून, हे विचारून लिहा. दोन्हीचे उपाय वेगळे.

बीपी नेहमी बसवूनच मोजतात, आणि इथेच उभं राहिल्यावर येणारी चक्कर निसटते. ५ मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर बीपीच्या, प्रोस्टेटच्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. डोळ्यांपुढे अंधारी आली तर आकड्याची वाट न पाहता लगेच बसवा.

मग रोजची कामं: अंघोळ, कपडे, शौच, उठून दुसरीकडे बसणं, लघवी-शौचावर ताबा, जेवण. "करू शकतात का" असं विचारू नका, "कोण करतं" असं विचारा. आजी अंघोळ आपली आपण करतात, खरं. पण बादली सून भरते, तांब्या हातात देते आणि दाराबाहेर उभी राहते. ही स्वावलंबी अंघोळ नव्हे. आपल्याकडे आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: जमिनीवरून उठता येतं का, आणि भारतीय पद्धतीच्या संडासात बसून उठता येतं का. सारखं संडासात बसावं-उठावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणारी आजी अनेक घरांत आहे.

वजनही लिहा. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं ३ किलो, उतरलं तर तपासणी हवी.

हे करताना बाजूला, किंचित मागे उभे राहा. हात धरू नका, पण तयार ठेवा. ताप, छातीत दुखणं, नुकतंच ऑपरेशन किंवा हाड मोडलेलं असेल तर चाचण्या नकोत. दर तीन महिन्यांनी त्याच खुर्चीवर, त्याच वेळी, त्याच चपलेत पुन्हा मोजा. वहीत खुर्ची कोणती तेही लिहा, नाहीतर तिसऱ्या वेळी कोणीतरी प्लॅस्टिकचीच आणून ठेवतं.