इओरीची जांभळी आग परत पेटली

शाळेत असताना पेठेतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ या मारामारीच्या गेमवर खाऊचे पैसे उडवले. परवा तो गेम घरी लावला, जुनी आर्केड स्टिक (दांडा आणि बटणं असलेला कंट्रोलर) माळ्यावरून काढली आणि गेममधल्या इओरी या फायटरची जमिनीवरून सरपटणारी आग काही निघेना. खाली, तिरकं, पुढे आणि पंच. बोटांना अजून पाठ आहे, पण इओरी नुसताच हवेत बुक्के मारत होता.

आधी वाटलं, वय झालं आपलं. मग बटण तपासायच्या स्क्रीनवर कळलं, ‘खाली’ दहातून चारदाच लागतंय. दांड्याखाली चार दिशांना चार मायक्रोस्विच, म्हणजे दांडा टेकला की दाबले जाणारे छोटे खटके, असतात. तिरक्या दिशेला दोन एकदम दाबले जातात. एक मेला की सगळी चाल गेली.

पुण्यात विजेचं सामान मिळतं त्या तपकीर गल्लीत गेलो. “काका, मायक्रोस्विच आहे का?” “कशाचा, ओव्हनच्या दाराचा?” निघाला तोच मापाचा!

आता गाढवपणा. मी खालच्या बाजूचा स्विच बदलला. फरक शून्य. तासभर डोकं खाजवल्यावर उजेड पडला : दांडा मधे टेकलेला असतो, त्यामुळे वरून खाली ओढला की आतलं टोक वर जातं. म्हणजे ‘खाली’चा स्विच वरच्या बाजूला! तो काढला, नव्या स्विचच्या कॉमन (सामाईक) आणि एनओ (दाबल्यावरच जोडला जाणारा) या पायांना वायरी डाग देऊन जोडल्या, एनसी (दाबल्यावर तुटणारा) मोकळा सोडला.

पहिल्याच फटक्याला आग. रात्री दीड वाजता ओरडलो, आतून आई म्हणाली, “झोप रे मेल्या.”