फळं वाळवताना हीटर किती वीज खातो?

डिहायड्रेटरवर (फळं वाळवायच्या यंत्रावर) ५०० वॅट छापलंय म्हणून दहा तासांत पाच युनिट जळतीलच असं नाही. तापमान गाठलं की थर्मोस्टॅट हीटर बंद करतो आणि मग काही वेळ नुसता पंखा फिरतो.

हीटरचा खरा जोर घरच्या वीजमीटरवर कळतो. एका युनिटला मीटरचा छोटा दिवा किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो, समजा ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करा (इन्व्हर्टरसुद्धा, तो गुपचूप बॅटरी चार्ज करत बसतो), यंत्र थंड असताना सुरू करा आणि मिनिटभर मोजा. ५०० वॅटला साधारण २७ वेळा लुकलुकायला हवं. फारच कमी भरलं तर आधी व्होल्टेज बघा. २३० ऐवजी २०० असेल तर तोच हीटर जेमतेम ३८० वॅट ओढतो.

पूर्ण खेपेचा खर्च काढायला मात्र युनिट दाखवणारा स्मार्ट प्लग बरा, दहा तास फ्रिज कोण बंद ठेवणार? चिकूच्या चकत्यांचं आधी आणि नंतर वजन करा. किलोच्या ३०० ग्रॅम उरल्या, तर ७०० ग्रॅम पाणी उडालं. तेवढ्या पाण्याच्या वाफेला जवळपास अर्धा युनिट लागतोच. घरगुती यंत्र त्याच्या काही पट खातं, कारण बरीच उष्णता गरम हवेबरोबर बाहेर जाते. म्हणून अर्धे ट्रे रिकामे ठेवून यंत्र लावू नका. पावसाळ्यातली नोंद वेगळी ठेवा, दमट हवेत वेळ जास्त लागतो.