पन्नास फूट खोल विहिरीतली पाणीपातळी आवाजाने कशी मोजावी

टाकीची पातळी दाखवणारा ४० किलोहर्ट्झचा अल्ट्रासोनिक सेन्सर स्वस्तात मिळतो आणि टाकीपुरता छान चालतो. तोच विहिरीच्या कठड्यावर बसवला की कधी चार मीटर दाखवतो, कधी काहीच नाही. सेन्सर बिघडला समजून लोक दुसरा आणतात आणि त्याचंही तेच होतं. मुळात हवा इतक्या उंच पट्टीचा आवाज लांब जाऊ देत नाही. समुद्राच्या पाण्यात या वारंवारितेचा ध्वनी किलोमीटरभर गेला तरी शोषणापायी साधारण दहा-बारा डेसिबल घटतो. हवेत तेवढी घट दहा मीटरच्या आतच होते.

पन्नास फूट म्हणजे १५ मीटर. आवाज जाऊन परत यायला ३० मीटर. ४० किलोहर्ट्झला या प्रवासात हवेत जवळपास ४० डेसिबल मुरतात, म्हणजे ऊर्जेचा दहा हजारावा हिस्सा उरतो. पसरण्यामुळे होणारी घट आणखी वेगळी. ४ किलोहर्ट्झचा, कानाला ऐकू येणारा आवाज घेतला तर हवेतलं शोषण एक डेसिबलच्या आसपास येतं. म्हणून आवाज मोठा करण्याच्या मागे लागू नका, आधी वारंवारिता खाली आणा.

साहित्य

फूटभर तोंडाचा भोंगा आणि त्याचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर, एक माईक, लॅपटॉप, दोन डिजिटल थर्मामीटर, विहिरीवर आडवा टाकायला भक्कम पाइप, ओळंबा आणि वजन बांधलेला मोजपट्टीचा टेप. विहिरीत उतरायचं कारण नाही. काठावर मात्र दोघं असा.

१. भोंगा टांगा

पाइप विहिरीच्या मधोमध टाका आणि भोंगा तोंड खाली करून टांगा. ओळंबा लावून तो अगदी सरळ खाली बघतोय ना ते तपासा. इथे आळस करू नका. शांत पाणी आवाजाला आरसाच असतं. भोंगा ५ अंश कलला तर १५ मीटरवरून परतणारा प्रतिध्वनी अडीच मीटर बाजूला जाऊन पडतो.

भोंगाच का, तर ४ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ सेंटीमीटर असते. साध्या लहान स्पीकरमधून ती चहूकडे पसरते आणि आधी विहिरीच्या भिंतीच बोलू लागतात. फूटभर तोंडाच्या भोंग्यातून झोत साधारण २० अंशांचा निघतो. १५ मीटर खाली तो पाच-सव्वापाच मीटर रुंद होतो. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तो जेमतेम मावतो. विहीर अरुंद असेल किंवा आत पायऱ्या असतील, तर खोटे प्रतिध्वनी येणार हे धरून चाला.

माईक भोंग्याच्या तोंडाशेजारीच बांधा.

२. चढता सूर तयार करा

‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. त्यात चर्प, म्हणजे चढता सूर, तयार करायची सोय आहे. २००० हर्ट्झपासून ६००० हर्ट्झपर्यंत चढणारा, ५० मिलिसेकंदांचा सूर बनवा. त्यानंतर एक सेकंदाची शांतता ठेवा, म्हणजे आधीच्या सुराचा रेंगाळणारा प्रतिध्वनी पुढच्याच्या गळ्यात पडणार नाही.

एकाच पट्टीतल्या टिकटिकीपेक्षा चढता सूर का बरा? तो लांब असल्यामुळे जास्त ऊर्जा नेतो, आणि मुद्रण मूळ सुराशी ताडून पाहिलं की आकडेमोडीत आखडून एक टोकदार शिखर होतो. इथे ४००० हर्ट्झची रुंदी आहे. तिच्यामुळे एकमेकांजवळचे दोन प्रतिध्वनी चार-साडेचार सेंटीमीटर अंतर असलं तरी वेगळे ओळखता येतात.

पावसाळ्यात एक बदल करा. १५ मीटरवरचा प्रतिध्वनी ८७ मिलिसेकंदांनी येतो, तोवर सूर संपलेला असतो. पाणी वर येऊन अंतर साडेआठ मीटरच्या आत आलं की सूर आणि प्रतिध्वनी एकमेकांवर चढतात. तेव्हा सूर १० मिलिसेकंदांचा करा.

३. ध्वनिमुद्रण करा

४८,००० नमुने प्रतिसेकंद या वेगाने मुद्रण करा आणि सूर वीसेक वेळा वाजवा. पंप बंद असावा. विहिरीत पारवे असतील तर पहिल्या सुरालाच उडतात. ते शांत झाल्यावर सुरुवात करा.

४. अंतर काढा

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मुद्रण आणि मूळ सूर यांचा सहसंबंध काढा, म्हणजे मुद्रणात मूळ सूर कुठे कुठे जुळतो ते शिखरांनी दिसतं. पायथनच्या ‘सायपाय’ या लायब्ररीत त्यासाठी तयार फंक्शन आहे. पहिलं मोठं शिखर भोंग्यातून थेट माईकमध्ये गेलेल्या आवाजाचं. वेळ तिथूनच मोजा, म्हणजे लॅपटॉपच्या आत होणारा विलंब हिशेबात येत नाही. पाण्याचं शिखर ४,१६० नमुन्यांनंतर आलं आणि हवा २५ अंश सेल्सियस असेल, तर ध्वनीचा वेग सुमारे ३४६.५ मीटर प्रतिसेकंद. ४,१६० भागिले ४८,००० गुणिले ३४६.५, त्याचं निम्मं: १५.०१ मीटर. वीस सुरांची वीस उत्तरं चढत्या क्रमाने लावा आणि मधलं घ्या. एखादं भरकटलेलं उत्तर सरासरी बिघडवतं, मधल्याला सहसा धक्का लागत नाही.

५. तापमान सांभाळा

सर्वांत जास्त चूक इथेच होते. तापमान एका अंशाने चुकलं तर वेग ०.६ मीटर प्रतिसेकंदाने चुकतो. एप्रिलच्या दुपारी कठड्यावर ४० अंश आणि तळाशी बराच गारवा असतो. फक्त वरचा आकडा धरून १० अंशांची चूक झाली, तर १५ मीटरमागे पाव मीटर फरक पडतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाव मीटर पाणी थोडं नाही. एक थर्मामीटर वर आणि दुसरा पाण्याच्या थोडा वर सोडा आणि दोन्हींची सरासरी घ्या. नंतर एकदा टेप सोडून प्रत्यक्ष अंतर ताडून पाहा. दोन्हींत कायम तेवढाच फरक दिसला तर तो पुढच्या प्रत्येक मोजणीतून वजा करा.

बोअरवेल असेल तर

सहा इंची केसिंगमध्ये भिंतींचा उलट फायदा होतो, कारण नळी आवाजाला पसरू देत नाही. पण तिथे वारंवारिता आणखी खाली आणावी लागते. सुमारे १३०० हर्ट्झच्या वर नळीत आवाज वेड्यावाकड्या वाटांनी जाऊ लागतो आणि शिखरं फाटतात. २०० ते १२०० हर्ट्झचा सूर वापरा. जवळचे प्रतिध्वनी वेगळे ओळखण्याचा बारकावा मग सतरा-अठरा सेंटीमीटरवर येतो, तो मान्य करा. केसिंग संपतं तिथून आणि पंपाच्या पाइपच्या जोडांवरूनही प्रतिध्वनी येतात. पंप चालवून पातळी थोडी उतरवा आणि पंप बंद करून लगेच पुन्हा मोजा. जे शिखर सरकतं ते पाण्याचं.