दहशतवादविरोधी थ्रिलर लिहायचाय? मग स्फोटापासून नका सुरू करू

थ्रिलर लिहायला घेतलेले बरेच जण पहिलंच पान स्फोटाचं लिहितात. धूर, किंकाळ्या, फुटलेल्या काचा, आणि दुसऱ्या पानावर हिरोची एन्ट्री. माझं स्पष्ट मत आहे की निम्मी कादंबरी इथेच हातातून जाते, कारण वाचक रात्री दोनपर्यंत जागतो तो तपासासाठी, म्हणजे एका साध्या वस्तूवरून एक माणूस दुसऱ्या माणसापर्यंत कसा पोचला हे बघण्यासाठी. स्फोट सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेत हो, तपास कोणीच पाहिलेला नसतो.

तर पहिलं काम, फ्रेडरिक फोर्सिथचं 'द डे ऑफ द जॅकल' वाचा. आधी वाचलं असेल तर आता वही-पेन घेऊन परत वाचा. हे पुस्तक आलं १९७१ मध्ये, आणि त्यात फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या खुनाची सुपारी दिली जाते. आता गंमत बघा, द गॉल १९७० च्या नोव्हेंबरात आपल्या घरीच वारले होते, म्हणजे ते गोळीने मेले नाहीत हे पुस्तक हातात घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही. शेवट ठरलेलाच आहे म्हटल्यावर वाचक 'काय होणार' सोडून देतो आणि 'हा इतका जवळ पोचला कसा आणि त्याला अडवलं कसं' यात अडकतो. कादंबरीची सगळी ओढ तिथून येते.

दुसरी शिकायची गोष्ट म्हणजे खरा सांगाडा. पुस्तकाच्या मागे खरी घटना आहे, फ्रान्सने आपली वसाहत अल्जीरिया सोडल्याचा राग धरलेल्या ओएएस या संघटनेशी जोडलेल्या लोकांनी २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ पेती-क्लामारला द गॉलच्या गाडीवर गोळ्यांचा पाऊस पाडला, टायर फुटले, तरी ते आणि त्यांची पत्नी वाचले, आणि त्या कटाचा म्होरक्या बास्तियाँ-तिरी याला ११ मार्च १९६३ ला गोळ्या घालून देहदंड दिला. फोर्सिथ त्या काळात रॉयटर्स या वृत्तसंस्थेचा वार्ताहर म्हणून पॅरिसमध्येच होता. तुम्हीपण असंच करा, आधी खऱ्या तारखा, खरे रस्ते, खरी खाती मांडा आणि मग त्या मधल्या फटींमध्ये आपली कल्पना घाला.

आता वहीचं काम. एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात मारेकरी त्या दिवशी काय करतोय, दुसऱ्यात पोलिसांना त्या दिवशी काय माहितीय, आणि तिसऱ्यात वाचकाला काय माहितीय. हा तिसरा रकाना लोक आखतच नाहीत आणि मग सस्पेन्स का येत नाही म्हणून डोकं धरून बसतात. जॅकलमध्ये वाचक मारेकऱ्याची एकूण एक तयारी बघतो आणि तिकडे त्याला शोधणाऱ्या फ्रेंच पोलीस अधिकारी कमिसार क्लोद लेबेलला त्याचं नावसुद्धा माहीत नसतं, देशोदेशीच्या पोलिसांना फोन करण्यापासून त्याची सुरुवात होते. त्यात वर मंत्र्याच्या बैठकीतलीच माहिती बाहेर फुटते आणि मारेकरी दरवेळी एक पाऊल पुढे निघतो. ही गळती तुमच्या कादंबरीतपण ठेवा, कारण बाहेरच्या शत्रूपेक्षा आतला कच्चा दुवा वाचकाला जास्त अस्वस्थ करतो.

मुंबईवर लिहिणार असाल तर मालमसाला शोधायला लांब जायला नको. १२ मार्च १९९३ चा शुक्रवार, १२ स्फोट, २५७ मृत्यू. पण तपास कुठून सुटला बघा, वरळीला सोडून दिलेली एक मारुती व्हॅन, त्यात शस्त्रं, कागदपत्रांवरून माहीमचा पत्ता, तिथल्या घराच्या झडतीत एक चावी, आणि ती चावी लागली नायगावला उभ्या असलेल्या, स्फोटकं भरलेल्या पण न फुटलेल्या स्कूटरला. आणि हा तपास ज्यांच्याकडे आला ते राकेश मारिया तेव्हा ट्रॅफिकचे डीसीपी होते! असं पात्र तुम्ही मनाने लिहिलं असतं तर कोणीतरी म्हणालं असतं की पटत नाही. ती चावी कुलपात फिरते तो क्षण तुम्हाला चार पानं पुरेल, तिथे अजिबात घाई करू नका. याच प्रकरणात शस्त्रं आणि आरडीएक्स रायगडच्या दिघी आणि शेखाडीला उतरवलं गेलं होतं आणि मदत केली म्हणून कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले, म्हणजे गळती म्हणतो ती हीच.

खात्याची भाषा नीट शिका. एटीएस (राज्याचं दहशतवादविरोधी पथक), क्राइम ब्रँच (शहर पोलिसांची गुन्हे शाखा) आणि एनआयए (केंद्राची राष्ट्रीय तपास संस्था) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, महाराष्ट्राची एटीएस २००४ ची, एनआयएचा कायदा २६/११ नंतरचा, डिसेंबर २००८ चा. त्यामुळे २००६ मध्ये घडणाऱ्या गोष्टीत एनआयएचा अधिकारी आणलात तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. स्टेशन डायरी, पंचनामा, रिमांड, खबरी, बीडीडीएसची म्हणजे बॉम्बशोधक पथकाची गाडी यायला लागणारा वेळ, हे सगळं कथेत येऊ द्या. आणि एक फार कामाची गोष्ट, पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब एरवी कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, पण मोक्कामध्ये, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या महाराष्ट्राच्या कायद्यात, एसपी दर्जाच्या किंवा वरच्या अधिकाऱ्याने नियम पाळून नोंदवलेला चालतो. आरोपी बोलला आणि केस संपली हा सीन लिहायच्या आधी हे लक्षात घ्या, कारण खरी घालमेल तो बोलल्यानंतर सुरू होते, हे टिकेल का, दुसरा पुरावा कुठाय, तारखेच्या आत चार्जशीट जाईल का.

हिरोला सगळं येतं असं दाखवू नका. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळेंच्या हातात फक्त काठी होती आणि त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरून ठेवली म्हणून तो जिवंत सापडला. त्या रात्रीबद्दल लिहिताना माझा हात आजही सावकाश चालतो, आणि तुमचाही चालावा असं मला मनापासून वाटतं, कारण तिथे १६६ माणसं गेली आणि त्यांच्या घरातली माणसं आपली पुस्तकं वाचतात. मेलेल्या माणसाला निदान एक वाक्य तरी द्या, तो कुठे निघाला होता, डब्यात काय होतं, नुसता आकडा लिहून पुढे जाऊ नका.

बॉम्ब कसा बनवला हे मात्र लिहू नका. वाचकाला त्या रेसिपीची गरजच नसते, त्याला भीती वाटते ती बनवणाऱ्याच्या शांतपणाची. तसंच एका अख्ख्या समाजाला खलनायक करू नका, ते खोटं आहे आणि आळशीपणाचंपण. २६/११ च्या हल्लेखोरांना मुंबईतल्या मुस्लिम कब्रस्तानाने दफनाला जागा नाकारली होती, हा एक प्रसंग पन्नास पानांच्या भाषणापेक्षा जास्त सांगतो.

शेवटाचं काय करायचं? पाठलाग, गोळीबार, संपलं असं न करता कोर्टाकडे एकदा बघा. ९३ च्या खटल्यात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष कोर्टाने दोषी ठरवायला २००६ उजाडलं, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला मार्च २०१३ मध्ये. म्हणजे पहिल्या प्रकरणात पंचनाम्यावर सही करणारा तरुण शिपाई साक्षीला उभा राहतो तेव्हा त्याचे केस पिकलेत, वकील त्याला विचारतोय की व्हॅनचा रंग नक्की आठवतो का, आणि तुम्ही पहिल्या प्रकरणात तो रंग काय लिहिला होता ते जाऊन तपासा, कारण वाचक नक्की तपासणारे.